देविदास गोतमारे यांची निधन वार्ता

"काका, एका श्रद्धांजलीवर किती वेळ?"

तेजल माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दोन मिनिटांच्या पुढे गेला होता. एका पोस्टला आम्हाला चाळीस सेकंद मिळत. त्यात ती वाचायची, नियमात बसते की नाही ते ठरवायचं, ठेवायची तर हिरवं बटण, काढायची तर लाल.

"हा माणूस मेलेला वाटत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"फोटो बघ."

तिने वाकून पाहिलं. साठी ओलांडलेला एक माणूस विजेच्या खांबाजवळ उभा होता. काखेत कागदांची पिशवी, तोंड अर्धवट उघडं. तो कुणाशी तरी बोलत असताना रस्त्याच्या पलीकडून काढलेला फोटो असावा. भोवती काळी चौकट, वर दोन दिवे. खाली लिहिलं होतं, 'कै. देविदास गोतमारे, सेवानिवृत्त पोस्टमन, बोरखेडी. मतदार यादीचे काम अर्धवट टाकून गेले. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : आमदार प्रतापभाऊ नेरकर आणि समस्त मित्रपरिवार.'

"घरचे लोक असा फोटो देत नाहीत," मी म्हणालो. "घरचे लग्नातला देतात. शेजारचा माणूस कापून टाकतात आणि त्याची चार बोटं खांद्यावर तशीच राहून जातात. हा फोटो घरच्यांनी दिलेला नाही."

"काका, तुमचं पण ना." तेजल हसली, पण दमल्यासारखी. "श्रद्धांजली कुठल्याच नियमात बसत नाही. हिरवं करा आणि पुढे चला. शिवाय वर पट्टी पाहिलीत ना?"

पट्टी मी पाहिली होती. नारिंगी पट्टी म्हणजे ही पोस्ट यादीतल्या माणसाची. आमदार, खासदार, मंत्री, पक्षांचे अध्यक्ष, सगळे त्या यादीत. त्यांचं काही आलं की आमचं लाल बटण बंद व्हायचं. फक्त वर पाठवता यायचं, चार ओळींचा शेरा लिहून. वर म्हणजे कुठल्या देशात ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्या रांगेला पालखी म्हणायचो. पालखीला खालच्यांनी खांदा द्यायचा, आत कोण बसलंय ते विचारायचं नाही.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची, नागपुरातली. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि त्या हॉलमध्ये सगळ्यात म्हातारा होतो. त्याआधी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत एकोणीस वर्षं काढली होती. शेवटी शेवटी माझ्याकडे निधन वार्ता होत्या, कारण बाकी कुणाला त्या नको होत्या. मग आवृत्ती बंद पडली. एका परदेशी सोशल साइटचा मजकूर तपासणाऱ्या कंपनीला वऱ्हाडी, झाडी, मराठवाडी बोली कळणारी माणसं हवी होती. साइटवर मराठीत कोण कुणाला काय म्हणतंय ते परदेशातल्या यंत्राला कळत नव्हतं, मला कळत होतं. म्हणून मला घेतलं.

निधन वार्तांचा आमचा एक नियम होता. घरी फोन केल्याशिवाय बातमी लावायची नाही. मी रुजू होण्याआधी कधीतरी एका जिवंत माणसाची बातमी छापली गेली होती आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस अंक हातात घेऊन कचेरीत आला होता. संपादकांनी त्याला चहा पाजला, खुलासा छापला आणि हा नियम केला. एकोणीस वर्षांत मी काही हजार घरी फोन केले असतील. पलीकडचा आवाज ऐकूनच कळायचं. विचारायची गरज पडायची नाही, तरी विचारायचोच.

मी श्रद्धांजलीखालच्या प्रतिक्रिया उघडल्या. शेकडो होत्या. निम्म्या लोकांनी हात जोडले होते, निम्मे हसत होते. एकाने लिहिलं होतं, 'सुंठीवाचून खोकला गेला.' एका बिचाऱ्याने खरंच विचारलं होतं, 'अंत्ययात्रा किती वाजता निघेल?' त्याच्याखाली कुणीतरी दहा आकडी नंबर टाकला होता आणि पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं तोंड. 'यांनाच विचारा.'

आम्हाला हॉलमध्ये फोन, पेन, कागद काहीच न्यायची परवानगी नव्हती. सगळं बाहेर कपाटात ठेवायचं. मी ते दहा आकडे पाठ केले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवत राहिलो. कुणाशी बोललो नाही, बोललो असतो तर विसरलो असतो.

*

पार्किंगच्या कडेला उभा राहून मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो. कोन?"

"मी पेपरमधून बोलतोय," मी म्हणालो. "निधन वार्ता पाहतो. देविदास गोतमारे यांच्याबद्दल—"

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. एकोणीस वर्षांत ते जिभेवर तयार बसलेलं होतं. खरं सांगायचीही सोय नव्हती. आम्ही कुठं काम करतो हे बाहेर सांगितलं तर त्याच दिवशी घरी, असं लिहून दिलेलं होतं. पोस्टशी संबंध असलेल्या माणसाशी बोललं तर विचारायलाच नको.



"मीच बोलून राह्यलो न," तो म्हणाला. "देविदास."



"कालपासून फोनच फोन हायेत," तोच पुढे म्हणाला. "काही रडून राह्यले, काही हासून राह्यले. रीतसर इचारनारे तुमी पयलेच. बोला, काय पायजे?"

"हे झालं कसं?"

त्याने सांगितलं. पस्तीस वर्षं त्याने पाच गावांत डाक वाटली होती. कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, कोणाचं घर पडलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्याने सहज मतदार यादी चाळली तर त्यात एकशे चौदा माणसं मेलेली निघाली.

"त्यायच्या चिठ्ठ्या मी सोता 'मयत' लिहून वापस केल्या होत्या, साहेब. आन थे गेल्या इलेक्शनले मत टाकून गेले. मी तहसीलले आक्षेप देल्ला. एकवीस जनायनं साक्षीच्या सह्या केल्या माह्यासंगं. सोमवारी सुनावनी हाये. तं भाऊनं मलेच यादीत टाकून देल्लं."

"पोलिसांत गेलात?"

"गेलो. थे म्हने, मारलं का तुमाले? धमकी देल्ली का? श्रद्धांजली वायली, यात गुन्हा कोनता?" तो खोकला. "गावात समद्यायले समजते साहेब, जित्त्या मानसाले हार घातला म्हंजे काय सांगितलं थे. एकविसातले बारा जन सकाळीच येऊन गेले. म्हने आमची सही काढून घ्या."

"तुम्ही घाबरलात?"

"मेलेलं कोंबडं आगीले भेत नाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग हसणं थांबलं. "माहं काही नाई. बाईचं झालं. थे माहेरी गेल्ती, भावाकडं. तिच्या भाच्यानं मोबाइलवर पाह्यलं. माहा फोन लागेना. बायायनं तिच्या बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. गाडी करून आनलं तिले इथं. आली तं मी आंगनात पानी भरून राह्यलो होतो."

मी एका स्कूटरला टेकलो.

"पयले तिनं मले मारलं, साहेब. दोन्ही हातानं. मंग रडली. आता माह्यासंगं धड बोलत नाई. नव्या बांगड्या आनल्या तं भरत नाई. म्हंते, थे तिथून उतरत नाई तवरक नाई. जग पाहून राह्यलं तवरक मी कशी भरू, म्हंते. मी दहा खेप त्या कंपनीले कळवलं मोबाइलवरून. काहीच नाई. तुमी पेपरवाले. वळखीत असंन कोनी तुमच्या तिथं?"

"बघतो," मी म्हणालो.

मग मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सल्ला द्यायला आपल्याला कुठं पैसे पडतात! मी म्हणालो, "एक करा. तुम्ही स्वतःचा व्हिडिओ टाका. आजचा पेपर हातात घ्या, तारीख दिसू द्या. मी जिवंत आहे म्हणून सांगा. लोक तो पुढे पाठवतील. निदान येणारे फोन तरी थांबतील."

"मले जमंन?"

"पस्तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून हाका मारल्यात. न जमायला काय झालं?"

तो पुन्हा हसला. "होय, थे तं हाये," म्हणाला.

*

आत आलो तो तेजल आकडे बघत बसली होती. ती अठ्ठावीस वर्षांची, पुण्याची. आमच्या बावीस जणांची प्रमुख. दिवसभर घाण वाचून वाचून तिचा चेहरा असा झाला होता की वाढदिवसाच्या केकवरसुद्धा ती आधी नियम शोधायची. माणूस म्हणून चांगली. मला काका म्हणायची आणि माझे चुकलेले निर्णय वरच्यांपासून होता होईल तेवढे झाकायची.

"ती श्रद्धांजली पालखीत टाकली," मी म्हणालो. "शेऱ्यात लिहिलंय, माणूस जिवंत आहे, ही धमकी आहे, काढा."

"जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोटोवरून."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं, पण तिने विचारलं नाही.

"काढणार नाहीत ते," ती म्हणाली. "लोकप्रतिनिधी काय बोलतो हे लोकांना दिसलं पाहिजे, अशी ओळ आहे नियमात. सार्वजनिक हित."

"हेच एखाद्या गावगुंड पोराने टाकलं असतं तर?"

"तुम्ही चाळीस सेकंदांत उडवलं असतं."

"मग ज्याच्या एका शब्दाने बारा माणसं सह्या मागे घेतात त्याला मोकळीक, आणि ज्याच्याकडे कुत्रं बघत नाही त्याला नियम? हा कुठला न्याय?"

तेजलने चष्मा काढून डोळे चोळले. "काका, उलटं बघा ना. त्याला लाखभर लोकांनी निवडून दिलंय. तुम्हाला मला कुणी दिलंय? आज त्याचं काढलं, तुम्हाला बरं वाटेल. उद्या तुमच्या आवडत्या माणसाचं काढतील, तेव्हा? आमदाराने काय बोलायचं हे परदेशातली कंपनी ठरवणार? आणि काढलं तर उद्या तोच म्हणेल, मी कधी असं टाकलंच नव्हतं. आत्ता निदान पुरावा तरी आहे."

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. संपादकांच्या खोलीत मी याहून वाईट युक्तिवाद ऐकले होते आणि गप्प बसलो होतो.

"पुरावा आहे खरा," मी म्हणालो. "पण ज्याचा पुरावा आहे त्याची बायको घरात बांगड्या न भरता बसली आहे."

हे तोंडातून निसटलं. तेजलने चष्मा परत लावला.

"हे मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "जा, बसा. रांग साडेतीनशेवर गेलीय."

*

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी आला. घरी मोबाइलवर मी तो पाहिला आणि मला फार बरं वाटलं. पोस्टमनचा जुना खाकी शर्ट घातला होता त्याने, बहुतेक मुद्दाम. हातात त्या दिवशीचा अंक. मागे अंगण, एक बाज, तारेवर वाळत घातलेलं लुगडं. ताठ उभा राहून तो बोलत होता, दारात उभं राहून नाव पुकारल्यासारखा. मी देविदास गोतमारे, मी जित्ता हावो, परवा भाऊंनी मले मारलं, आज मी उठलो. मग त्याने पिशवीतून कागद काढला आणि एकशे चौदातली काही नावं वाचायला लागला. नाव, वय, कोणत्या साली गेला, कशानं गेला. अमकी बाई सर्पदंशानं. अमका विहिरीत पडून. एका पोराचं नाव त्याने दोनदा वाचलं. जवळजवळ दोन मिनिटं तो वाचत होता. हजारभर लोकांनी व्हिडिओ पुढे पाठवला होता. आमच्या सौ.ने पण पाहिला. "किती छान बोलतो हो," म्हणाली. सल्ला माझा होता, पण मी तिला सांगितलं नाही. पोरीचा फोन आला म्हणून शेवटची काही सेकंदं मी पाहिली नाहीत.

ती मी शनिवारी सकाळी कामावर पाहिली.

तो व्हिडिओ माझ्याच पडद्यावर आला. मराठीच्या रांगेत शनिवारी आम्ही पाचच जण असायचो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. रात्रीतून तेवीसशे लोकांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. भाऊंचे कार्यकर्ते कामाला लागले होते. वर नारिंगी पट्टी नव्हती, कारण गोतमारे कुणी नव्हता. दोन्ही बटणं चालू होती.

मी शेवटपर्यंत पाहिलं. नावं वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली. आतून बाईचा आवाज आला, काय म्हणाली ते नीट कळलं नाही. त्याने मागे वळून पाहिलं, परत पुढे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"आन प्रतापभाऊ," तो म्हणाला, "माह्या बाईच्या बांगड्या फुटल्या तुह्यापायी. आता माह्या दारात पाय ठेवून पाह्य. घरात कुऱ्हाड हाये. तुही श्रद्धांजली मी सोता लिहीन."

दहा सेकंदं. फार तर बारा.

आमच्या नियमात ते अगदी स्पष्ट होतं. व्यक्तीचं नाव, शस्त्राचं नाव, मारण्याचा इशारा. तिन्ही असतील तर काढा आणि खात्याला तीस दिवस कुलूप. अर्धा व्हिडिओ काढता येत नाही, काढला तर पूर्ण. हजारावर तक्रारी असलेली प्रत्येक पोस्ट दुसरा माणूस तपासतो. पहिल्याने ठेवली आणि दुसऱ्याने काढली तर पहिल्याची चूक धरतात. बरोबर ठरलेल्या निर्णयांचा माझा आकडा दोन आठवडे शंभरात चौऱ्याण्णव होता, पंचाण्णवच्या खाली तिसरा आठवडा गेला की करार संपतो.

एक तिसरं बटणही होतं, राखाडी. पोस्टमधला माणूस ओळखीचा असेल तर ते दाबायचं, मग पोस्ट दुसऱ्याकडे जाते. पण मग कारण लिहावं लागतं. ओळख कशी, कधीची. मी ते बटण बराच वेळ बघत बसलो. दाबलं असतं तरी शेजारच्या पोराने ते दहा सेकंदांत उडवलंच असतं आणि वर माझा फोन उघडकीला आला असता. असा सगळा हिशेब मी त्या वेळी केला. हिशेब बरोबर होता.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मला वाटलं, म्हातारा नुसता चिडलाय, कुऱ्हाड काय उचलणार आहे. तिसऱ्या वेळी वाटलं, हेच आमदाराने म्हटलं असतं तर मी घाबरलो असतो की नाही? म्हणजे नियम सगळ्यांना सारखा हवा असं परवा मीच तेजलशी भांडत होतो. आज तो नियम माझ्या हातात होता आणि एकाच माणसाला लावता येत होता. दुसऱ्याला नाही.

मी लाल बटण दाबलं. पुढची पोस्ट आली. कुणीतरी भाकरीचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली दोन बायका भांडत होत्या.

सोमवारी सकाळी तेजलने सगळ्यांना उभं केलं आणि माझा आकडा वाचून दाखवला. सत्त्याण्णव. "काकांकडून शिका," ती म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसून हात वर केला. लाज वाटली का? वाटली. पण टाळ्या वाजत असताना मला बरंही वाटलं, तेही लपवण्यात अर्थ नाही.

त्याच दिवशी तिकडे सुनावणी होती.

*

त्याचा फोन मंगळवारी दुपारी आला. मी पार्किंगमध्येच डबा खात होतो.

"साहेब, देविदास बोलून राह्यलो. बोरखेडी."

"बोला. सुनावणीचं काय झालं?"

"काय होनार. मी एकलाच गेलो. साक्षीदार कोनी आले नाई. भाऊचा वकील म्हने, अर्जदारच संशयास्पद हाये, याचा व्हिडिओ कंपनीनं काढून टाकला, खातं बंद केलं, खोटारडा नसता तं काहून काढला असता? साहेबानं अर्ज फेटाळला." तो थांबला. "गावातही तेच म्हनून राह्यले. कंपनीनंच काढला म्हंजे काहीतरी खोटं असंनच."

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो मी डब्यात ठेवला.

"तुम्ही कुऱ्हाडीचं बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"नोको होतं," तो लगेच म्हणाला. "तुमचं बराबर हाये. तोंडातून गेलं. आतून बाई म्हने, आता पुरे, घरात या. तिचा आवाज दोन दिवसानं ऐकला न मी, तं डोकंच फिरलं." मग थोड्या वेळाने, "कोनं काढला असंन हो? आपल्यातलाच असंन का कोनी मराठी? का थे तिकडचे गोरे?"

"कळत नाही," मी म्हणालो. "यंत्र असतं म्हणतात."

"यंत्रच असंन," तो म्हणाला. "मानसानं नावं तरी आयकली असती."

 मी सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्याने शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. मीही झालो असतो. पण मी गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्याचा त्याने भलताच अर्थ घेतला.

"तुमी काहून वाईट वाटून घेता? तुमी तं चांगलंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "एक काम करता का, साहेब? त्या कंपनीचं सोडा. तुमी पेपरात छापा. निधन वार्ता तुमच्याकडंच हाये न? त्याच पानावर छापा. देविदास गोतमारे जित्ते हायेत, अशी दोन वळीची. मोबाइलवरचं बाई मानत नाई. पेपरात आलं म्हंजे मानंन. मी कात्रन आनून तिले देतो."

आमच्या आवृत्तीला बंद पडून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हेही मी सांगितलं नाही.

"बघतो," मी म्हणालो.

बुधवारी त्याचा फोन आला. "आजच्या पेपरात नाई दिसलं, साहेब." मी म्हणालो, पान आधीच लागलं होतं. गुरुवारी आला. तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर जाऊन तो अंक घेऊन येत होता. कुठला अंक ते त्याने मला कधी विचारलं नाही आणि मी त्याला सांगितलं नाही. मिळतील ते सगळे घेत असावा. मी म्हणालो, जाहिराती फार आहेत. शुक्रवारी वरून पालखीचं उत्तर आलं. 'तपासले. सार्वजनिक हिताचा मजकूर. कारवाई नाही.' शेवटी माझ्या शेऱ्याबद्दल आभार मानले होते. तेजलने ते मला दाखवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या वयाच्या मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवावा इतका मी त्या दिवशी म्हातारा दिसत असेन.

शनिवारी दुपारी परत फोन वाजला.

"साहेब, आजही नाई आलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मलाच सांभाळून घेतल्यासारखं बोलत होता. "घाई नाई. मी समजू शकतो. मेलेल्यायची गर्दी असते, जित्त्याले जागा कोठून देनार तुमी. बाईले मी सांगून ठेवलं हाये, पेपरवाले साहेब भले हायेत, टाकतीन. रविवारी पानं जास्त असते न? मंग रविवारीच टाका."

"हो," मी म्हणालो. "रविवारी टाकतो."

"नक्की?"

"नक्की."

रविवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. सौ. म्हणाली, अहो, घ्या ना, कुणीतरी देविदास म्हणून दिसतंय. मी म्हणालो, चुकीचा नंबर आहे, वाजू दे.